प्रबंधामागची घरे

पीएच.डी. ही पदवी एका व्यक्तीच्या नावाशी जोडली जाते. परंतु ज्या विषयाचा अभ्यास माणसांत जाऊनच करावा लागतो, त्या प्रबंधामागे अनेक घरांचा वाटा असतो. परदेशी जाऊन असे क्षेत्रकार्य करणे किती कसोटीचे असते, हे जाणून घेण्यासाठी आपल्याच मुलखात येऊन प्रबंध सिद्ध करणाऱ्या डॉ. गेल ऑम्वेट यांचे उदाहरण पुरेसे आहे.

त्यांचा जन्म १९४१ साली अमेरिकेतील मिनियापोलिस येथे झाला. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात समाजशास्त्राचे संशोधन करताना त्यांनी पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळ हा विषय निवडला. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, तेव्हापासून १९३० पर्यंतचा हा कालखंड. त्यासाठी १९७०-७१ मध्ये त्या महाराष्ट्रात राहिल्या.

विषय सोपा नव्हता. सरकारी दप्तरातील इंग्रजी कागद या चळवळीकडे बाहेरून पाहणारे होते. तिचा स्वतःचा आवाज होता तो मराठीत : पुस्तिकांत, खेड्यापाड्यांतील वृत्तपत्रांत, जलशांत आणि वृद्धांच्या आठवणींत. म्हणून मराठी शिकणे हा या संशोधनात केवळ शिष्टाचार नव्हता, तो त्याचा पायाच होता. शिवाय वेळही थोडा होता. १९२०च्या सुमारास ऐन तारुण्यात असलेली माणसे १९७० मध्ये सत्तरीकडे झुकली होती. त्यांच्यापैकी एक जरी गेला, तरी कोठेही न लिहिलेले एक प्रकरण त्याच्याबरोबर जाणार होते.

या इतिहासात आपल्या वाचकांच्या परिचयाची नावेही आहेत. दक्षिण भारत जैन सभेच्या कार्यात अग्रभागी असलेले अण्णासाहेब लठ्ठे हे शाहू महाराजांचे सहकारी. १९२४ मध्ये त्यांनी महाराजांचे इंग्रजी चरित्र लिहिले. कुंभोज येथे एका जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. अशा माणसांची पत्रे, भाषणे आणि छापील अंक सगळेच ग्रंथालयांत पोहोचत नाहीत. कितीतरी कागद कुणाच्या तरी माळ्यावरील ट्रंकेतच राहतात.

१९७३ मध्ये, सत्यशोधक समाजाच्या शताब्दीच्याच वर्षी, ऑम्वेट यांना पदवी मिळाली. १९७६ मध्ये तो प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुष्कळ संशोधकांचा क्षेत्राशी असलेला संबंध येथे संपतो. ऑम्वेट मात्र येथेच राहिल्या. स्वातंत्र्यसैनिक इंदूताई पाटणकर यांच्या त्या सून झाल्या, भारताचे नागरिकत्व स्वीकारले आणि शेतकरी, दलित व स्त्रियांच्या प्रश्नांवर आयुष्यभर लिहीत व काम करीत राहिल्या. २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातील कासेगाव येथे त्यांचे निधन झाले.

प्रत्येक संशोधकाने अभ्यासाच्या गावीच स्थायिक व्हावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्यांच्याकडून घेतले, त्यांना काय परत दिले, हा प्रश्न प्रत्येकालाच लागू आहे. आज आपल्या घरांतील मुलेमुली संशोधनासाठी परदेशी जात आहेत. तेथील एखाद्या अनोळखी वृद्धेसमोर वही उघडण्यापूर्वी आपण कोण, कशासाठी आलो आणि तिचे शब्द कोठे छापले जातील, हे त्यांनी तिला समजेल अशा भाषेत सांगावे. तिने नकार दिला, तर तो मानावा. प्रबंध पूर्ण झाल्यावर त्याचे सार तिच्यापर्यंत पोहोचवावे.

आणि आपल्या दाराशी कोणी विद्यार्थी आला, तर आपलेही काही कर्तव्य आहे. चातुर्मासापूर्वीच्या आवराआवरीत आजोबांची रोजनिशी, जुनी पत्रे, समाजाच्या मासिकांचे पिवळे पडलेले अंक रद्दीत निघतात. ते देण्यापूर्वी एकदा चाळून पाहावेत. घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून उतरवून ठेवाव्यात. त्यासाठी पदवी लागत नाही. एक वही आणि रविवारची दुपार पुरते.