पाहणें म्हणजे राखणें नव्हे

आकाशांत उपग्रह फिरूं लागले, आतां अरण्यांना भय उरलें नाहीं, असें समाधान मानणारा एक सुशिक्षित वर्ग अलीकडे सर्वत्र आढळतो. पहारेकऱ्याला डोळे आहेत, एवढ्यावरून घरांत चोरी होणार नाहीं असें मानण्यासारखेंच हें आहे!

ब्राझीलचें उदाहरण घ्या. तेथील राष्ट्रीय अवकाश-संशोधन संस्था अ‍ॅमेझॉनच्या अरण्याची तोड १९८८ सालापासून दरवर्षीं उपग्रहचित्रांवरून मोजीत आली आहे. तरीही २००४ सालीं सुमारें २७,७०० चौरस किलोमीटर अरण्य नाहींसें झालें. डोळा उघडा होता. हात मात्र हालत नव्हता. पुढें नव्या तोडीची वर्दी थोडक्या दिवसांत सरकारी तपासनिसांकडे पोंचूं लागली. नव्यानें तोडलेल्या जमिनीवरील सोयाबीन घ्यावयाचें नाहीं, असें मोठ्या व्यापाऱ्यांनीं २००६ सालीं ठरविलें. २००८ सालीं सरकारनें त्या प्रदेशांतील शेतीकर्जाला जमिनीच्या कायदेशीर कागदपत्रांची व वनविषयक नियमांच्या पालनाची अट घातली. २०१२ सालीं तोड सुमारें ४,६०० चौरस किलोमीटरवर आली.

"पण झाडें राखलीं तर शेतकऱ्यानें खावें काय?" असा प्रश्न येथें हमखास पुढें येतो. त्याचें उत्तर माटो ग्रोसो प्रांतानें दिलेलें आहे. तेथें २००६ ते २०१० या काळांत वृक्षतोड झपाट्यानें घटली, आणि सोयाबीनचें उत्पादन मात्र वाढलें. आधींच मोकळ्या असलेल्या कुरणांत पीक घेतां येतें, हें ज्यांना पाहावयाचेंच नाहीं, त्यांना आंकडे तरी काय करणार?

याच्या उलट बाजूही पाहावी. २०१९ सालीं अध्यक्ष बोल्सोनारो यांनीं हे आंकडेच खोटे ठरविले. त्यांची बाजू घेणारे संस्थेचे संचालक रिकार्डो गाल्वाव यांना पदावरून दूर करण्यांत आलें. २०२१ सालीं तोड पुन्हां १३,००० चौरस किलोमीटरवर गेली. २०२३ सालीं राज्यकर्ते बदलले, तपासणी कडक झाली, आणि २०२४ सालीं ती सुमारें ६,३०० वर उतरली. मोजणी तीच होती. बदलली ती राज्यकर्त्यांची दानत.

तेव्हां अरण्यरक्षणाचा कोणताही अहवाल हातीं आल्यास, उपग्रह किती आहेत हें सुज्ञ वाचकांनीं विचारूं नये. तोड करणाराचें कर्ज थांबलें काय, त्याचा माल बाजारांत अडला काय, हें आधीं विचारावें.