ओढ्यातील दगड

पावसाळा सरून ओढ्याचे पाणी निवळले, की मुले काठावर दगड वेचू लागतात. कोणाच्या घरी काचेच्या पेटीत मासे पाळलेले असतात. पेटीच्या तळाशी गुळगुळीत, रंगीत दगड मांडले म्हणजे तिला शोभा येते. छंद चांगला आहे. परंतु केवळ डोळ्यांना आवडला म्हणून दगड पेटीत घालणे शहाणपणाचे नव्हे.

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या फत्तराचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेला लाव्हा थिजून तो बनला. त्यात अडकलेल्या वायूंमुळे पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत गारगोटी, अकीक, कॅल्साइट अशी खनिजे साचली. फत्तर झिजला की ती सुटी होऊन ओढ्यात येतात.

गारगोटी आणि कॅल्साइट ही दोन्ही पांढरी असू शकतात. गुण मात्र भिन्न. गारगोटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. कॅल्साइट चुन्याच्या जातीचा. तो हळूहळू विरघळतो व पाणी जड होते. मृदू पाण्याची सवय असलेल्या माशांना ते बाधते. ओढ्यातला मासा दुसरीकडे पोहून जाईल. पेटीतल्या माशाने जावे कोठे?

ओळख पटवणे अवघड नाही. वडीलधाऱ्यांच्या देखत पोलादी चाकूचे टोक ओढून पाहावे. कॅल्साइटवर ओरखडा उमटतो, गारगोटीवर उमटत नाही. दगडावर लिंबाच्या रसाचे थेंब टाकावेत. बुडबुडे आले, तर त्यात चुना आहे असे समजावे. मात्र बुडबुडे दिसले नाहीत, एवढ्यावरून दगड निर्धोक ठरत नाही. गंजासारखे डाग असलेला किंवा धातूसारखा चमकणारा दगडही पेटीत घालू नये.

कोणी म्हणेल, चार दगडांसाठी एवढी चिकित्सा कशाला? परंतु ज्या जिवाला आपण कोंडले, त्याच्या सुखाची जबाबदारीही आपलीच असते.

हाच न्याय ओढ्यालाही लागू पडतो. पाण्यातल्या दगडांखाली खेकडे आणि कीटकांच्या अळ्या आसरा घेतात. ते दगड उपसणे म्हणजे त्यांचे घर मोडणे होय. म्हणून कोरड्या काठावरचे दोन-चार दगडच घ्यावेत, पारखून आणि स्वच्छ धुऊन. एका घराची शोभा दुसऱ्याचे घर उजाडून आणलेली नसावी.