छळछावणीतला ‘मुसलमान’

आउशवित्झच्या छळछावणीत काही कैद्यांना ‘मुसलमान’ म्हणत. ते धर्माने मुसलमान नव्हते, बहुतेक ज्यू होते. भुकेने सापळा झालेला, जगण्याची आस सुटलेला, पुढच्या निवडीत गॅस चेंबरकडे हमखास जाणार असा माणूस म्हणजे तिथला ‘मुसलमान’. हा शब्द तिथे कसा रुळला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण हे कळूनही ‘ज्यूंचं दुःख, आपल्याला काय त्याचं?’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

हे मी प्रिमो लेवी यांच्या आठवणींत वाचलं. लेवी इटलीतल्या तुरीन शहरातले रसायनशास्त्रज्ञ. 1938 मध्ये मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढलं, शिक्षकांच्या नोकऱ्या घेतल्या. आधी कायदा आला, छावणी नंतर. फेब्रुवारी 1944 मध्ये 650 ज्यूंना मालगाडीत कोंबून आउशवित्झला नेलं. त्यांत लेवी होते. 96 पुरुष आणि 29 स्त्रिया कामासाठी वेगळ्या काढल्या. उरलेले पाचशेहून अधिक दोन दिवसांत संपवले. लेवींच्या हातावर 174517 हा आकडा गोंदला गेला.

छावणीत त्यांना एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडे. आपण घरी परतलोय, सगळं सांगतोय आणि कुणीच ऐकत नाही.

हे स्वप्न आज खरं कोण करतंय? आपल्याच व्हॉट्सअॅप ग्रुपमधले काही भाऊ. ‘काही ज्यू मुद्दाम जिवंत सोडले, म्हणजे बाकीचे का मारले ते जगाला कळेल’ अशा अर्थाचं वाक्य हिटलरच्या फोटोखाली फिरतं. हिटलर असं कधी बोलल्याचा किंवा लिहिल्याचा पुरावा नाही. तरी ते ‘माशाअल्लाह’ म्हणून पुढे ढकललं जातं.

गाझातल्या मुलांचे फोटो पाहून माझंही रक्त उसळतं. पण आउशवित्झ नाकारल्याने तिथल्या एका बाळालाही दुधाचा घोट मिळत नाही. 1982 मध्ये इस्रायलने लेबनॉनवर हल्ला केला, तेव्हा याच लेवींनी जाहीर निषेध केला. स्वतःचं दुःख त्यांनी कुणाच्या बंदुकीला परवाना म्हणून दिलं नाही. मग आपण आपला राग हिटलरच्या पदरात का टाकायचा?

आणखी एक लक्षात घ्या. जर्मनीने ज्यूंचं जे केलं, त्यातून हिंदुस्थानने धडा घ्यावा, असं गोळवलकरांच्या नावावर 1939 मध्ये नागपुरातून निघालेल्या पुस्तकात छापलेलं आहे. तो धडा कुणाला लागू करायचा होता, हे मी सांगायची गरज नाही. हिटलरला शाबासकी देणारा मुसलमान त्याच धड्याला होकार देतो.

म्हणून पुढच्या वेळी तो फोटो आला की गप्प बसू नका. त्याच ग्रुपमध्ये, सगळ्यांसमोर, हे खोटं आहे असं लिहा. ज्याचं दुःख सोयीचं नाही त्याच्यासाठीही बोलावं लागतं. न्याय मागणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते.