हुनर आहे, दाखला नाही

आपल्या वस्त्यांत एक कार्यक्रम ठरलेला असतो. मंडप, शाल-श्रीफळ, भाषणे आणि शेवटी तीन महिन्यांचा कॉम्प्युटर किंवा शिवणाचा कोर्स पूर्ण केलेल्या मुला-मुलींना प्रमाणपत्रे. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. सहा महिन्यांनी त्यातले किती जण कामाला लागले, हे मात्र कोणी विचारत नाही.

हा प्रश्न आपणच विचारायला हवा. कारण आपल्याकडे हुनराची कमतरता कधीच नव्हती. कुर्ल्याची गॅरेजे, गोवंडीतले जरीचे कारखाने, भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग याच हातांवर चालतात. उस्तादाच्या हाताखाली दहा वर्षे काढलेला मुलगा आवाजावरून इंजिनाचा बिघाड ओळखतो. पण त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो. सच्चर समितीने २००६ साली नोंदवले होते की मुस्लिम कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात आहेत आणि नियमित पगाराच्या नोकरीत त्यांचा वाटा कमी आहे. स्वयंरोजगार हा शब्द ऐकायला बरा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ बहुधा इतकाच असतो: पीएफ नाही, ईएसआय नाही, आजारी पडले की चूल बंद.

मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो, म्हणून स्पष्ट सांगतो. कॉम्प्युटर यायलाच हवा, एमएस-सीआयटी सरकारी नोकरीसाठी लागते, तीही करावी. पण तीन महिन्यांच्या क्लासवर आमच्याकडे कोणी कामावर घेत नाही. त्या क्लासपायी हातातले वेल्डिंग सोडून देणे हा तोट्याचा सौदा आहे.

मग करायचे काय? आधीच येणाऱ्या कामाचा दाखला मिळवायचा. केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत ‘पूर्वज्ञानाची मान्यता’, म्हणजेच आरपीएल, हा मार्ग आहे. त्यात काम नव्याने शिकावे लागत नाही, येत असलेल्या कामाचीच परीक्षा होते. हा दाखला आयटीआयच्या बरोबरीचा नाही, पण पहिली पायरी आहे. दुसरा मार्ग शिकाऊ उमेदवारीचा. १९६१ च्या कायद्याखालील नियमांनुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या किमान अडीच टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, तेही विद्यावेतन देऊन. आपल्या वस्तीजवळच्या किती कंपन्यांत यासाठी आपली मुले अर्ज करतात? अनेकांना हे ठाऊकच नसते.

बहिणींचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना शिलाई मशीन वाटून आपण मोकळे होतो. त्यांना शिवता येतेच. अडचण नगामागे मिळणाऱ्या दराची आहे आणि तो दर दलाल ठरवतो. पाच-दहा जणींनी गट करून थेट ऑर्डर घेतली, तर तेच मशीन जास्त कमावून देईल.

मोहल्ला कमिट्यांनी एक टेबल आणि एक रजिस्टर घेऊन आठवड्यातून दोन तास बसावे. कोणाला कोणते काम येते, कोणता कागद कमी आहे, अर्ज कुठे अडला, हे लिहावे. गरजू मुलाची फी किंवा हत्यारांची पेटी जकातीतून देता येईल. वर्षअखेरीस प्रमाणपत्रे किती वाटली ते सांगू नये. किती जणांच्या पगारातून पीएफ कापला जाऊ लागला, ते सांगावे.

‘नाव आणि पत्ता पाहूनच दार बंद होते, मग कागद कशाला?’ असे काही मित्र विचारतात. दार बंद होते, हे खरे आहे आणि त्याविरुद्ध लढायचेच आहे. पण कागद नसलेल्याला ‘तुम्ही पात्र नाही’ एवढे सांगून सहज परत पाठवता येते. ज्याच्या हातात कागद आहे, तो समोर उभा राहून विचारू शकतो: मला का नाकारले?