काकांची ट्राम आणि माझी ४१५

परवा रविवारी मुलुंडला काकांकडे गेलो होतो. चहा झाला आणि काकांनी ट्राम काढली. म्हणजे ट्रामची गोष्ट हो! आमच्या घरात ती प्रत्येकाने शंभरेक वेळा तरी ऐकलीय. काकांचं लहानपण परळचं. रस्त्याच्या मधोमध रूळ, पायाने घंटा ठणठणवणारा ड्रायव्हर, आणि सोड्याच्या बाटलीचं बूच रुळावर ठेवून फुटपाथवर दबा धरून बसलेली पोरं. ट्राम गेली की बूच पापडासारखं चपटं.

काका थांबले. मी म्हटलं, "काका, आणि भिंगरी?"

"कसली भिंगरी रे?"

चपट्या बुचाला दोन भोकं पाडायची, दोरा ओवायचा आणि त्याची भिंगरी फिरवायची... हा तर गोष्टीचा क्लायमॅक्स! काका नेमका तोच विसरले होते.

परतताना लोकलमध्ये डोक्यात तेच. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. म्हणजे ती आठवणारा प्रत्येक माणूस आज पासष्टीच्या पुढे आहे. 'दादर टीटी' आपण रोज म्हणतो, पण त्यातला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे किती जणांना माहीत असतं?

आमच्या धंद्यात जुनी सिस्टीम बंद करायची तर आधी डेटाचा बॅकअप घेतात. मग सर्व्हर भंगारात गेला तरी चालतो. गाड्यांच्या बाबतीत आपण बरोब्बर उलटं करतो. डबा संग्रहालयात ठेवतो, आणि माणसाला म्हणतो, "पुरे आता, ऐकलंय." डबा बघून ट्राम केवढी होती ते कळेल. भिंगरी कशी कळणार?

तुम्ही म्हणाल, झालं सुरू नॉस्टॅल्जिया! तसं नाही. जुन्याचे गोडवे गाणं मलाही पटत नाही. ट्राम रखडायची, हे काकाच सांगतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सीचा निरोप झाला तेव्हा हळहळलेले आपण सगळे कधीचेच मोबाईलवरून एसी गाडी बोलवायला लागलो होतो.

पण त्याच्या आदल्याच महिन्यातली एक गोष्ट मात्र मला लागली. डिझेलवरच्या लाल डबलडेकरची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ ला झाली, आणि तीही अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झला जाणाऱ्या ४१५ वर. माझ्या पहिल्या नोकरीची बस! आता इलेक्ट्रिक डबलडेकर आल्यात, गारेगार आहेत, छान आहेत. पण वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर बसून तोंडावर घेतलेला वारा मी लेकीला सांगायला लागलो की ती मोबाईल काढते. तिचं काय चुकलं? मीही काकांसमोर जांभयाच दिल्या आहेत.

तर सांगायचा मुद्दा असा. या शनिवारी तुम्हीही मोबाईल काढा, पण रेकॉर्डर चालू करायला. "तुमच्या वेळी कसं होतं?" असलं मोघम विचारू नका. कुठे चढायचात, सोबत कोण असायचं, सुट्टे पैसे कोणाकडे असायचे, असं विचारा. उत्तरं आपोआप येतात.

मी परत मुलुंडला निघालोय. या वेळी भिंगरीची गोष्ट मी काकांना सांगणार आहे. बघू, त्यांना पुढचं काही आठवतंय का.