मुद्दलाचे दान

व्यापाऱ्याच्या हातून दानधर्म होतो तो बहुधा व्याजातून होतो, मुद्दलातून होत नाही. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मुद्दल मोडू नये, ही शिकवण आपल्यापैकी प्रत्येकाला गादीवर बसल्याच्या पहिल्या दिवसापासून मिळालेली असते आणि ती शिकवण पाळली म्हणूनच आपल्या पेढ्या तीन तीन पिढ्या टिकल्या. वर्षअखेर खाती मिटली, घरखर्च निघाला, पुढील हंगामाची तरतूद झाली, की जे उरते त्यातून देवालय, दवाखाना, वसतिगृह यांच्या पावत्या फाडल्या जातात. म्हणूनच ज्या एका व्यापाऱ्याने आपल्या हयातीतच मुद्दल देऊन टाकले, त्याच्याविषयी यंदाच्या स्मरणिकेत लिहावे असे आम्हांस वाटले. हे गृहस्थ म्हणजे विप्रो कंपनीचे श्री. अझीम प्रेमजी.

संगणकाचा धंदा करून गडगंज झालेला बंगळूरचा धनी, एवढीच त्यांची ओळख आपल्या रविवार पेठेत आहे. आपला आणि त्यांचा काय संबंध, असे पुष्कळांस वाटते. संबंध आहे, आणि तो भुईमुगाच्या शेंगेचा आहे.

इ. स. १९४५ च्या डिसेंबरात त्यांचे वडील महंमद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना खानदेशात अंमळनेर येथे घातला. हे मूळचे कच्छकडील खोजा घराणे. त्यांचा तांदळाचा व्यापार ब्रह्मदेशापर्यंत पोहोचलेला होता. खानदेश हा भुईमुगाचा मुलूख, गावाला रेल्वे आहे. तेव्हा वनस्पती तुपाचा कारखाना तेथे निघणे स्वाभाविकच होते. ‘सनफ्लॉवर’ वनस्पतीचे डबे आणि तेलाच्या जोडीने निघणारा ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण, एवढाच त्या कंपनीचा पसारा. पुढे जगभर गाजलेल्या ‘विप्रो’ या नावातली अक्षरे याच तेलकट नावातून आलेली आहेत.

१९६६ च्या ऑगस्टमध्ये वडील अकस्मात वारले. त्या वेळी अझीम एकवीस वर्षांचे होते आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत् अभियांत्रिकी शिकत होते. शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. ती पदवी त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळाने पुरी केली. परतल्यावर भरलेल्या भागधारकांच्या सभेत एका गृहस्थांनी उभे राहून त्यांस तोंडावर सुनावले, की हा धंदा तुमच्याच्याने होणार नाही, आपले भाग एखाद्या अनुभवी माणसास विकून मोकळे व्हा. वडिलांच्या पश्चात दुकान हाती आलेल्या कित्येक तरुणांनी असली वाक्ये ऐकलेली आहेत. फरक इतकाच, की आपल्याकडे ती सभेत न बोलता ओट्यावर बोलली जातात.

शेंगेचा धंदा ज्यांनी केला आहे त्यांस ठाऊक आहे, की त्यात नफा तुपाच्या डब्यात नसतो, तो खरेदीच्या घटकेला झालेला असतो. दाण्यात तेल किती, ओल किती, फोल किती, हा अंदाज चुकला की पुढे कितीही यंत्रे फिरवा, तूट भरून निघत नाही. अशा धंद्यात प्रेमजींनी उमेदवारी केली. मोजल्यावाचून काही खरे मानायचे नाही आणि शिकलेले व्यवस्थापक नेमून त्यांस अधिकार द्यायचे, ही त्यांची पुढील आयुष्यातली रीत. तिचे मूळ आम्हांस तरी अंमळनेरच्या वखारीतच दिसते. साबण, विजेचे दिवे, यंत्रांना लागणारी हायड्रॉलिक सिलिंडरे असा धंदा हळूहळू वाढला. १९८५ साली ‘संतूर’ साबण बाजारात आला, तो आजही आपल्या दुकानांतून खपतो.

संगणकाकडे ते वळले तो प्रसंग व्यापारी नजरेने पाहण्यासारखा आहे. विदेशी भांडवलाचा वाटा चाळीस टक्क्यांवर आणावा, या नियमास मान तुकविण्याऐवजी आय.बी.एम. कंपनीने १९७८ साली हिंदुस्थानातून गाशा गुंडाळला. एक मोठी गादी रिकामी झाली. गादी रिकामी दिसली तरी तीवर बसण्याचे धाडस तेलवाल्याने करावे, हे त्या काळी हास्यास्पद वाटले असेल. प्रेमजींनी जाणकार अभियंते गोळा केले आणि १९८० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत विप्रोचे संगणक बाजारात आले. १९९१ नंतर जकाती उतरल्या आणि परदेशी माल येऊ लागला, तेव्हा यंत्रे विकण्यापेक्षा यंत्रांसाठी लागणारी बुद्धी विकावी, हे ओळखून कंपनीने परदेशी गिऱ्हाइकांची संगणकीय कामे अंगावर घेतली. ऑक्टोबर २००० मध्ये विप्रोचे भाग न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आले. नंतरच्या काळात काही प्रतिस्पर्धी कंपन्या विप्रोच्या पुढे निघून गेल्या, हेही सांगितले पाहिजे. स्तुतिपर लेखांतून ही गोष्ट सहसा वगळली जाते.

दरम्यान अंमळनेरात एक निराळीच गोष्ट घडत होती. तेथील व आसपासच्या दुकानदारांनी आणि शेतकऱ्यांनी या कंपनीचे थोडे थोडे भाग घेऊन ठेवले होते. ते पुढच्या पिढीकडे आले, बोनस भागांनी वाढत गेले, आणि मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घराचे बांधकाम असा प्रसंग आला की त्यांतले चार विकून गरज भागविण्याची त्या गावी चाल पडली. सोने जसे घरात असावे तसे विप्रोचे कागद. एका कारखान्याने एका तालुक्याच्या गावात पिढ्यान् पिढ्या पुरेल अशी संपत्ती वाटली, आणि ती दान म्हणून नव्हे, हक्काचा वाटा म्हणून वाटली. प्रेमजींच्या कोणत्याही देणगीपेक्षा ही गोष्ट आम्हांस कमी मोलाची वाटत नाही.

आता दानाकडे येऊ. त्यांच्या मातुःश्री डॉ. गुलबानू प्रेमजी यांनी मुंबईत हाजीअलीजवळ अपंग मुलांचे रुग्णालय उभे करण्यात आपले आयुष्य वेचले. आईचे उदाहरण आणि गांधीजींची विश्वस्तवृत्तीची कल्पना या दोहोंचा आपल्यावर परिणाम झाला, असे प्रेमजींनी वेळोवेळी सांगितले आहे. २००१ च्या सुमारास त्यांनी शिक्षणासाठी प्रतिष्ठान स्थापन केले. २०१० च्या डिसेंबरात सुमारे ८,८४६ कोटी रुपयांचे भाग त्यासाठी वेगळे काढले. २०१३ साली आणखी सुमारे १२,३०० कोटींचे. आणि मार्च २०१९ मध्ये ५२,७५० कोटींचे. यामुळे विप्रोच्या एकूण भागांपैकी सुमारे ६७ टक्के भागांचे उत्पन्न या कार्यास मिळू लागले. सर्व मिळून त्या वेळच्या भावाने १ लाख ४५ हजार कोटी रुपये. इतका आकडा आपल्या वहीच्या रकान्यात मावणार नाही. परंतु आकड्यापेक्षा त्याची जात पाहावी. हे लाभांशातून काढलेले पैसे नव्हेत. लाभांश ज्यातून येतो ते मूळच दिले आहे. झाडाची फळे वाटणारे अनेक आहेत. येथे झाडच दुसऱ्याच्या नावावर केले.

यावर आक्षेप येतो, आणि तो निराधार नाही. भागांचे उत्पन्न दिले, परंतु कंपनीची सूत्रे घराण्याकडेच राहिली. जुलै २०१९ मध्ये प्रेमजी निवृत्त झाले तेव्हा अध्यक्षपदी त्यांचे चिरंजीव रिशाद आले. मग त्याग तो कोणता? आमचे म्हणणे असे, की सत्ता आणि उपभोग या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुकानाच्या किल्ल्या मुलाकडे राहिल्या, गल्ल्यातील मोठा हिस्सा मात्र परक्या मुलांच्या शाळेकडे गेला. आपल्यापैकी कोणी असे मृत्युपत्र केले, तर घरात काय होईल याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या मनाशी करून पाहावी. परिग्रहाचे परिमाण ठरविण्याचे व्रत आपल्याकडे सर्वांस परिचित आहे. परिमाण कोठे आखायचे, हा प्रश्न मात्र आपण सोयीने पुढच्या वर्षावर टाकीत आलो आहोत.

त्यांच्या साधेपणाच्या कथा पुष्कळ प्रसृत आहेत. विमानाच्या स्वस्त वर्गाने प्रवास करणे इत्यादी. त्यांस आम्ही फारसे महत्त्व देत नाही. काटकसर आपणही जाणतो. महत्त्वाचे हे, की पैसा कशावर खर्चावा याचाही त्यांनी हिशेब ठेवला आणि हिशेब चुकला तेव्हा तो खोडून पुन्हा लिहिला. प्रारंभी या प्रतिष्ठानाने शाळांतून संगणकाच्या साहाय्याने शिकविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर केले. ज्याने संगणकावर संपत्ती मिळविली त्याने संगणकच शाळेत न्यावा, हे साहजिक होते. काही वर्षांनी अनुभव आला, की यंत्राने मूल शिकत नाही, शिकविणाऱ्याने शिकते. तेव्हा ते काम आवरते घेऊन सरकारी शाळांतील शिक्षकांस अधिक सक्षम करण्याकडे सर्व बळ लावण्यात आले. आपल्या कर्नाटकात यादगीरसारख्या मागासलेल्या जिल्ह्यात हे काम वर्षानुवर्षे चालू आहे. २०१० साली बंगळूरला विद्यापीठ स्थापन झाले, २०२३ साली भोपाळलाही सुरू झाले. शिक्षकाच्या तयारीवर खर्च केलेल्या पैशास संगमरवरी पाटी लावता येत नाही. असा खर्च करण्यास जे धैर्य लागते ते इमारत बांधण्यास लागत नाही.

येथे आमच्या कित्येक वाचकांच्या मनात जो प्रश्न उभा राहील तो आम्हीच मांडतो. २०२४ साली या प्रतिष्ठानाने कर्नाटक सरकारशी करार करून शाळकरी मुलांच्या पूरक आहारासाठी तीन वर्षांत सुमारे १,५०० कोटी रुपये देण्याचे ठरविले. त्यातून मुलांस आठवड्यात आणखी चार दिवस अंडी मिळावयाची. न खाणाऱ्यांस केळे किंवा शेंगदाण्याची चिक्की, अशी योजना होती. अंड्यासाठी आम्ही स्वतः पैसा दिला नसता, हे स्पष्ट सांगतो. ते आमच्या आचारात बसत नाही. परंतु ज्या मुलाच्या घरी सकाळी चूल पेटत नाही, त्याच्या पोटाचा प्रश्न नुसत्या नापसंतीने सुटत नाही. केळे आणि चिक्की मागणाऱ्या मुलांची सोय नीट व्हावी, दूध मिळावे, असे आपणांस वाटत असेल तर त्याचे बिल आपण उचलावे. आपल्या भागातील चार शाळा जरी पत्करल्या तरी बोलण्यास अधिकार येईल.

सरकारी शाळांत शिकून पुढे महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींस वर्षाला ३०,००० रुपये देण्याची त्यांची योजना २०२५ साली कर्नाटकासह अनेक राज्यांत सुरू झाली. तीत जात, पंथ, भाषा यांची अट नाही. आपल्या संघाच्या शिक्षण-निधीच्या नियमांत अशा अटी तीन ठिकाणी आहेत. निधी उभारणाऱ्या वडीलधाऱ्यांनी त्या घातल्या त्या काळी त्यांस कारणे होती. आपलीच मुले तेव्हा वसतिगृहावाचून अडत होती. आज त्या मुलांची मुले परदेशी शिकत आहेत आणि निधीतून दरवर्षी रक्कम शिल्लक राहून पुन्हा मुदतठेवीत जाते. या अटींपैकी निदान दोन काढाव्यात आणि परिसरातील शाळांच्या शिक्षकांसाठी निधीत एक स्वतंत्र खाते उघडावे, अशी लेखी सूचना आम्ही कार्यकारी मंडळाकडे दिली आहे. ती येत्या वार्षिक सभेत चर्चेस येईल. काही सभासदांचा तीस विरोध आहे हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांनी तो ओट्यावर न मांडता सभेत मांडावा.