गंजलेल्या चासीला गुण किती?

विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग मला बहुधा दर वर्षी येतो. या वेळी आमच्या वाघोलीतल्याच एका प्रदर्शनाला गेलो होतो. टेबलांवर नेहमीची मंडळी हजर होती. फसफसणारा ज्वालामुखी होता, इंजेक्शनच्या सिरिंजांवर चालणारा जेसीबी होता, लुकलुकणाऱ्या दिव्यांचे शहर तर तीन शाळांचे होते आणि तिन्ही एकाच दुकानातून आणल्यासारखी दिसत होती.

अगदी कोपऱ्यातल्या टेबलावर नववीतली एक मुलगी उभी होती. तिच्यापुढे वर्तमानपत्राच्या कागदावर तीनच वस्तू होत्या : तळाशी तांबूस गाळ बसलेली काचेची बरणी, एक दोनशे पानी वही, आणि तळहाताएवढी, चार चाकांची, काळपट रंगाची लोखंडी चासी. वर बॉडी नाही, रंग नाही, दिवे नाहीत. माझे सहपरीक्षक मला हळूच म्हणाले, “अहो सर, हे तर भंगार! निदान रंग तरी द्यायचा होता.” त्यांनी पन्नासपैकी अठरा गुण दिले. मी चव्वेचाळीस दिले. त्यावरून आमचा जो वाद सुरू झाला तो चहा निवून गेला तरी संपला नाही. माझी बाजू आज तुमच्यापुढे मांडतो. विद्यार्थी मित्रहो, तुम्ही ऐकाच. पण शिक्षकांनीही ऐकावे अशी माझी विनंती आहे.

आधी ही वस्तू काय ते सांगितले पाहिजे. हिला ‘स्लॉट कार’ म्हणतात. आपण खाचेतली मोटार म्हणू. खेळण्यातल्या रस्त्यावर प्रत्येक मोटारीसाठी एक अरुंद खाच असते आणि खाचेच्या दोन्ही अंगांना धातूची एकेक पट्टी असते. या पट्ट्यांना साधारणपणे १२ व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा विद्युतप्रवाह जोडलेला असतो. मोटारीच्या पुढच्या भागाखाली एक जीभ असते, ती खाचेत उतरते. जिभेच्या दोन बाजूंना तांब्याच्या बारीक तारा विणून केलेल्या मऊ पट्ट्या असतात. त्या रस्त्यावरच्या पट्ट्यांना घासत जातात आणि मोटारीतल्या चिमुकल्या विद्युत मोटरला वीज पोचवतात. खेळणाऱ्याच्या हातात रोध कमीजास्त करणारी मूठ असते, तिने वेग आवरायचा. सुकाणू नाहीच. वळणावर वेग जास्त झाला की आवश्यक ते अभिकेंद्री बल मिळत नाही आणि मोटार खाच सोडून बाहेर फेकली जाते.

इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी १९५७ मध्ये ‘स्केलेक्स्ट्रिक’ या नावाने हा खेळ आणला. त्याआधीच्या त्यांच्या मोटारी स्प्रिंगवर चालत. पुढे १९६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत या खेळाचे मोठे वेड पसरले आणि ओसरलेही. पण धावत्या गाडीला बाहेरून वीज देण्याची युक्ती त्याहून फार जुनी आहे. मुंबईची पहिली विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी १५०० व्होल्टच्या डीसी प्रवाहावर धावली. कोलकात्याची मेट्रो रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून वीज घेते, तर आपली वनाज ते रामवाडी मेट्रो डोक्यावरच्या तारेतून घेते. लंडनच्या जुन्या ट्रामगाड्यांपैकी पुष्कळ गाड्या तर रस्त्यातल्या चक्क खाचेतूनच वीज घेत असत. म्हणजे या मुलीच्या टेबलावर एक लहानशी ट्रामच होती म्हणा.

तिच्या वडिलांचे नगर रस्त्यावर भंगाराचे दुकान आहे. एका गोणीत, तुटलेल्या मिक्सरांच्या खाली, तिला ही चासी सापडली. तेव्हा चाके फिरत नव्हती आणि वर तांबड्या पापुद्र्यांचा जाड थर होता. आमच्या भागात दगडखाणींची धूळ आणि रहदारीची धूळ दोन्ही भरपूर. धूळ ओल धरून ठेवते. त्यात पावसाळ्यातली दमट हवा मिळाली की लोखंडाला आणखी काय हवे?

गंज म्हणजे लोखंडाला वरून चिकटलेली घाण, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. गंज म्हणजे खुद्द लोखंडच, ऑक्सिजन आणि पाणी यांच्याशी संयोग पावलेले. ही क्रिया मुळात विद्युत-रासायनिक आहे. ओल्या लोखंडाच्या एका ठिकाणचे अणू इलेक्ट्रॉन गमावून पाण्यात उतरतात. दुसऱ्या ठिकाणी तेच इलेक्ट्रॉन ऑक्सिजन आणि पाणी घेतात. म्हणजे त्या पत्र्यावर हजारो सूक्ष्म विद्युतघट गुपचूप चालू असतात. तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खालचे ताजे लोखंड उघडे पडते. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर पक्का बसतो आणि धातूचे रक्षण करतो. गंजाला ते जमत नाही.

मग तो काढायचा कसा? माझ्या सहपरीक्षकांचे उत्तर सोपे होते : पॉलिश पेपर घ्या आणि घासा. मीही लहानपणी तेच म्हटले असते. उलट मी त्याहून वाईट केले होते. घरी किल्लीची एक जुनी आगगाडी होती. तिचा गंज काढायला मी संडास साफ करायचे ॲसिड वापरले. गाडी काही तासांत लखलखीत झाली. दुसऱ्या दिवशी हौसेने किल्ली दिली आणि आत काहीतरी ‘कट्’ वाजले. स्प्रिंगचे तीन तुकडे झाले होते. आम्लाची लोखंडावर क्रिया होताना हायड्रोजन सुटतो. त्याचे काही अणू कठीण पोलादात शिरतात आणि ते ठिसूळ होते, हे मला पुढे कॉलेजात कळले. वडील काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

या मुलीने वेगळा रस्ता धरला. तिने आधी मोटर, चुंबक आणि पितळी भाग सोडवून बाजूला ठेवले. चासी रॉकेलने धुऊन, वाळवून सराफाच्या काट्यावर तोलली. वजन ४१.३ ग्रॅम. मग प्लॅस्टिकच्या डब्यात पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा विरघळवला. डब्यात एका बाजूला जुन्या लोखंडी पट्टीचा तुकडा, दुसऱ्या बाजूला चासी, दोन्ही एकमेकांना न टेकता. शाळेच्या प्रयोगशाळेतला बॅटरी एलिमिनेटर ६ व्होल्टवर ठेवून त्याचे ऋण टोक चासीला आणि धन टोक पट्टीला जोडले. शिक्षक शेजारी उभे होते. प्रवाह सुमारे १ अँपिअर भरला.

यात काय घडते? लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन गमावते. इथे आपण बाहेरून इलेक्ट्रॉन पुरवतो. चासीवर गंजाचा काही भाग बदलून काळा आणि सैल होतो. शिवाय पाण्यातून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, ते पापुद्रे खालून उचलतात. खाली शाबूत असलेल्या लोखंडाला मात्र धक्का लागत नाही. तारांची अदलाबदल झाली तर? मग चासीच पाण्यात उतरू लागेल! म्हणून बटण दाबण्याआधी धन-ऋण दोनदा पाहायचे.

हा प्रयोग करणाऱ्यांनी चार गोष्टी पाळल्याच पाहिजेत. घरातल्या २३० व्होल्टशी थेट संबंध येऊ द्यायचा नाही. सोड्याऐवजी मीठ घालायचे नाही, क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. धन टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा लावायचा नाही, त्यातल्या क्रोमियमपासून घातक संयुगे बनतात. आणि खिडक्या उघड्या ठेवून, जवळपास ज्योत नसताना हे करायचे. १ अँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर अंदाजे ०.४५ लिटर हायड्रोजन निघतो. बारावीत फॅरडेचे नियम शिकाल तेव्हा हे गणित स्वतः करून पाहा.

चार तासांनी चासी बाहेर काढून दातांच्या ब्रशने घासली, धुतली आणि लगेच उन्हात तापलेल्या पत्र्यावर वाळवली. लगेच हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण उघडे ओले लोखंड काही मिनिटांतच पुन्हा तांबूस पडू लागते. आता वजन ३९.८ ग्रॅम भरले. दीड ग्रॅम गेले. मी तिला विचारले, “म्हणजे दीड ग्रॅम लोखंड गेले का?” ती म्हणाली, “नाही सर, गंज गेला. त्यात लोखंड कमीच असणार.” बरोबर! गंजाच्या एका नेहमीच्या प्रकारात वजनाने सुमारे ६३ टक्के लोखंड असते. त्या हिशेबाने खरे लोखंड गेले ०.९४ ग्रॅम, म्हणजे मूळ लोखंडातले शेकडा सव्वादोन भागांच्या आसपास. पन्नासेक वर्षांच्या दुर्लक्षाची ही किंमत मला तरी स्वस्तच वाटली.

आणि गंजाखालून अक्षरे निघाली होती. चासीच्या पोटाला पत्र्यात दाबलेला ‘इंग्लंड’ हा शब्द आता स्पष्ट वाचता येत होता. पॉलिश पेपरने दहा मिनिटे घासले असते तर चासी चांदीसारखी चमकली असती आणि तो शब्द कायमचा गेला असता. माझ्या मित्रांना मी हे दाखवले. ते म्हणाले, “पण चमक नाही ना!”

चमक नाही, कारण तिने ती जाणूनबुजून आणली नाही. खाचाखोचांत उरलेला किंचित गंज तिने तसाच ठेवला आणि वर हिरड्याचा गाळलेला काढा ब्रशने लावला. हिरडा आपल्याच जिल्ह्यातला, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतला. त्यात टॅनिन भरपूर असते. टॅनिन आणि गंज यांच्या संयोगाने निळसर काळे, पाण्यात न विरघळणारे संयुग तयार होते. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत, ती याच क्रियेमुळे काळी होई. संग्रहालयांत लोखंडी वस्तू जपणारे लोकही टॅनिक आम्ल वापरतात. या मुलीला ही कल्पना तिच्या आजीकडून मिळाली. हिरडा कुटलेला खलबत्ता काळा का पडतो, हे आजीला ठाऊक नव्हते. पण पडतो, हे ठाऊक होते.

वरचा थर दिसला की खरवडायचाच, हा हट्ट शास्त्राला धरून नाही. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षांच्या आसपास उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस अधिक असल्यामुळे पृष्ठभागावर पातळ रक्षक थर तयार झाला, असे कानपूरच्या आयआयटीतले आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले. लोकांच्या मिठ्यांनी तो थर झिजू नये म्हणून १९९७ मध्ये स्तंभाभोवती कुंपण घालावे लागले. तो स्तंभ घासून चकचकीत करा, असे कोणी म्हणेल काय?

आता भौतिकीकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने वहीतले सर्वांत सुंदर पान तेच होते. तिने १२ व्होल्टवर मोटरचा प्रवाह दोनदा मोजला होता. गंजलेल्या आसासकट चाके कशीबशी फिरत होती तेव्हा तो होता ०.९ अँपिअर, आस साफ करून शिलाई मशीनचे तेल घातल्यावर झाला ०.३५. खाली पेन्सिलीने लिहिले होते : ‘गाडी जोरात पळते तरी वीज कमी लागते. असे का?’

या ‘असे का’ला मी पाच गुण जास्त दिले. फिरणारी मोटर स्वतःच जनित्रासारखी उलट विद्युतदाब निर्माण करते, आणि वेग जितका जास्त तितका हा दाब जास्त. तिच्या मोटरच्या वेटोळ्याचा रोध ८ ओहम होता. पहिल्या वेळी ०.९ गुणिले ८ म्हणजे ७.२ व्होल्ट नुसते वेटोळे तापवण्यात गेले आणि उलट दाबाला उरले ४.८ व्होल्ट. दुसऱ्या वेळी २.८ गेले, ९.२ उरले. म्हणजे मोटरचा वेग जवळजवळ दुप्पट झाला. उष्णता किती? आधी सुमारे साडेसहा वॉट, नंतर एक वॉटहूनही किंचित कमी. आधी मोटरला हात लावला तर चटका बसत असे, असेही वहीत लिहिले आहे. ओहमचा नियम, घर्षण आणि ऊर्जेचे रूपांतर हे तीन धडे एका भंगारातल्या आसावर बसले होते.

तयार आणलेल्या मॉडेलमध्ये हे का होत नाही? कारण ते पहिल्यापासून चालते. जे चालते त्याला प्रश्न विचारायचे आपल्याला सुचत नाही. अडलेले चाक मात्र प्रश्न विचारल्याशिवाय सुटत नाही. अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून मुलांना शिकवले. ज्यांनी दिनकर केळकरांचे संग्रहालय पाहिले आहे त्यांना तिथले अडकित्ते आणि दिवे आठवत असतील. तीही एके काळी लोकांच्या घरातली अडगळच होती.

माझ्या सहपरीक्षकांचा एक मुद्दा मात्र मी मान्य केला. ते म्हणाले, “सर, सगळ्याच मुलांच्या वडिलांचे भंगाराचे दुकान नसते.” खरे आहे. पण प्रत्येक घरात एक तरी गंजलेले कुलूप, सायकलची साखळी नाहीतर बंद पडलेला पंखा असतोच. नसलाच तर पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. अडचण वस्तूंची नाही, आमच्या गुणपत्रिकेची आहे. तिच्यात ‘मांडणी व देखणेपणा’ यासाठी पंधरा गुण होते; नोंदवहीसाठी पाच. हे आकडे उलटे करावेत असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे.

त्या मुलीला बक्षीस मिळाले नाही. दोघांच्या गुणांची सरासरी काढली गेली आणि एका लुकलुकत्या शहराचा पहिला क्रमांक आला. निघताना मी तिला म्हटले, “आता या चासीला रंग देऊ नकोस हं.” ती म्हणाली, “नाही सर. एका बाजूला नुसता हिरडा ठेवलाय, दुसऱ्या बाजूला हिरड्यावर तेल लावलंय. पावसाळाभर दुकानातच ठेवणार आहे. दिवाळीनंतर बघायला या.”

जाणार आहे. काटा मी माझ्या प्रयोगशाळेतला घेऊन जाईन, तो ग्रॅमचा हजारावा भागही दाखवतो.